लहान गावातला संसार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी, २०२५ साली, केलेले भाषण)

अध्यक्षबाई, मंडळाच्या भगिनींनो, आणि जागा नाही म्हणून दाराशी उभ्या राहिलेल्या शेजारणींनो,

पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाईंनी मला भाजीबाजारात गाठले आणि सांगितले, की यंदा मंडळाला पन्नास वर्षे होतात, तेव्हा तुम्ही लहान गावातल्या संसारावर अर्धा तास बोला. मी म्हटले, "अहो, मी काही बोलणारी नव्हे. आपल्या वाईत व्याख्याते थोडे का आहेत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी बोलता तसं बोला." आता घरी बोलते तशी बोलू लागले तर अर्धा तास पुरायचा नाही, हे आमच्या घरचे कोणीही सांगेल. तरी त्यांची आज्ञा मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना वाटेत दुसऱ्या चार येतील, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

गोष्ट माझ्या सुनेने विचारलेल्या एका प्रश्नाची आहे. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी झाली, तेव्हा माझा मुलगा, सून आणि दोन नातवंडे पुण्याहून दोन बॅगा घेऊन आली. "पंधरा दिवसांसाठी आलोय" म्हणाली. ते पंधरा दिवस दोन वर्षांवर गेले. दोघांचीही कामे संगणकावरची. माडीवरच्या खोलीत एक आणि माजघरात एक असे बसून ती कामे करीत. नात तेव्हा सहा वर्षांची, नातू तिनाचा. पुण्यात ही मुले सातव्या मजल्यावर राहत. येथे आल्यावर आठवडाभर नातू उंबऱ्यावर थबकून विचारी, "आजी, बाहेर जाऊ?" पुढे निर्बंध उठले, शाळा उघडल्या, आणि मुले एकटी गणपती आळीपर्यंत जाऊन येऊ लागली. मग २०२२ साली कचेऱ्यांनी माणसांना परत बोलावले. एके रात्री भांडी आवरून झाल्यावर सून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आम्ही इथंच राहू का? म्हणजे कायमचं? मुलांना गाव मानवलंय. पण तुम्ही मला खरं सांगा. तुम्ही पन्नास वर्षं राहिलात. बाईमाणसाला हे गाव कसं आहे?"

आता कोणतीही सासू या प्रश्नाने हरखून जाईल. मीही हरखले. "राहा हो!" असे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिने "खरं सांगा" म्हटले होते ना! मी म्हटले, "चार दिवस दे मला." त्या चार दिवसांत माझ्या मनात जे जे येऊन गेले, तेच आज तुमच्यापुढे मांडते.

मी १९७३ साली लग्न होऊन येथे आले, त्या वेळी बावीस वर्षांची होते. माहेर गिरगावातले, चाळीतले. पुष्कळांना वाटते, की शहरातली मुलगी गावात आली, म्हणजे तिला माणसांच्या चौकशांचा जाच झाला असेल. छे! चाळीत तर भिंतीपलीकडे कोणी शिंकले तरी आम्हांला कळे. फरक निराळा होता. चाळीचा जिना उतरून मी रस्त्यावर आले, की मी कोणाची कोण नव्हते. ट्रॅममध्ये नव्हे हो, ट्रॅम मी लहान असतानाच बंद झाली. पण बसमध्ये, लोकलमध्ये मी नुसती एक मुलगी होते. येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मंडईत एका आजीबाईंनी मला न ओळखता ओळखले: "तू मास्तरांची सून ना? पायात जोडवी सैल झालीत तुझ्या, कासाराकडून बसवून घे." मला हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. गावाला माझ्या जोडव्यांची मापे ठाऊक होती!

वाईचे वर्णन मी तुम्हांपुढे काय करावे! ढोल्या गणपती, १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेले त्याचे देऊळ, पुराचे पाणी फुटावे म्हणून त्याच्या पाठीमागे काढलेली माशाच्या आकाराची भिंत, हे आपण रोज पाहतो आणि म्हणून पाहत नाही. माझ्या सासऱ्यांनी मला ती भिंत पहिल्या पावसाळ्यात मुद्दाम दाखवायला नेले होते. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या, गढूळ लोंढा भिंतीच्या टोकावर येऊन दोन्हीकडे फाकत होता. सासरे म्हणाले, "बघ, अडवायचं नाही त्याला. वाट करून द्यायची." ते देवळाबद्दल बोलत होते की सुनेबद्दल, हे मला तेव्हा कळले नाही, आणि विचारण्याची सोय नव्हती.

त्या काळी वाईला विद्वानांचे गाव म्हणत, आणि ते खोटे नव्हते. प्राज्ञपाठशाळा होती, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथे राहत, आणि मराठी विश्वकोशाचे काम चालू होते. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. जगातल्या साऱ्या विषयांच्या नोंदी आपल्या या गावात बसून तपासल्या जात, आणि ती तपासणारी माणसे सायंकाळी पिशवी घेऊन मेथीची जुडी घासाघीस करून घेत. पोरांना त्याचे काही अप्रूप नव्हते. माझ्या मुलाला पाचवीत असताना धूमकेतूविषयी शंका आली, तेव्हा यांनी त्याला सांगितले, "कोपऱ्यावर जा आणि विचारून ये." तो गेला, विचारून आला, वर खाऊही घेऊन आला. असे गाव मुलांना आणखी कोठे मिळेल? एवढे मात्र सांगते, की त्या खंडांत नोंदी लिहिणाऱ्यांची नावे आहेत. त्यांच्या घरी पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद होत्या.

माझा मुलगा हरवला ती हकिकत पुष्कळजणींना ठाऊक आहे, तरी नव्या सभासदांसाठी सांगते. १९८१ सालची गोष्ट, तो चार वर्षांचा होता. कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस. हा उत्सव आपल्याकडे माघापासून एकेका आळीचा, एकेका घाटावर होत जातो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शेंडेशास्त्र्यांनी कृष्णेला नवस बोलला, तेव्हापासून तो सुरू झाला असे सांगतात. मधल्या आळीच्या उत्सवाला कीर्तन ऐकता ऐकता माझे बोट केव्हा सुटले कळले नाही. नदी दहा पावलांवर! माझ्या तोंडाला कोरड पडली. मी मोठ्याने हाकही मारू शकेना. शेजारच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला मात्र, त्या उठल्या, आणि मांडवातून नुसते शब्द पुढे गेले: "मास्तरांचा धाकटा, निळा सदरा." दहा मिनिटांत उत्तर उलट आले: "कासाराच्या ओट्यावर बसलाय, शिरा खातोय." कोणी पोलिसांत गेले नाही, कोणी ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले नाही. तो कोणाचा हे प्रत्येकाला माहीत होते, म्हणून तो हरवूच शकत नव्हता. त्या रात्री मी नदीला साडीचोळी बोलले आणि मनात म्हटले, बाई ग, हे गाव मी कधी सोडणार नाही.

पण भगिनींनो, त्याच्या दोन वर्षे आधीची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. सुनेला सांगितली, आणि आज तुम्हांला सांगते.

मी बी. एस्सी. होऊन आले होते. १९७८ साली मला पाचगणीला एका निवासी शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी लागली. पगार यांच्याहून चाळीस रुपयांनी जास्त होता. यांनी त्याची थट्टा केली, राग केला नाही. सकाळच्या एस्. टी.ने पसरणीचा घाट चढायचा आणि सायंकाळी उतरायचे. मुलगा लहान, त्याला सासूबाई बघत. घाटात बस वळली, की एका बाजूला सारी वाई, नदी, देवळांचे कळस पायाखाली दिसत. मला त्या वेळी फार मोठे वाटे. पगार तर होताच. पण दिवसाचे आठ तास मी कोणाची सून नव्हते, "मॅडम" होते. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असे.

१९७९ च्या जुलैत एके दिवशी घाटात दरड पडली आणि शेवटची एस्. टी. रद्द झाली. आमच्या शाळेतले एक सहकारी वाईचेच होते. रात्री रस्ता मोकळा झाल्यावर शाळेच्या जीपने त्यांनी मला घरी सोडले. दहा वाजले असतील. मी चिंब भिजलेली. जीप आमच्या आळीत शिरली, वाड्यापुढे थांबली, आणि मी उतरले. तेवढ्या वेळात तीन खिडक्यांतले दिवे लागले. मी ते मोजले, म्हणून सांगते.

कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने विचारले, "काल उशीर झाला वाटतं?" पिठाच्या गिरणीत दोघीजणी बोलत होत्या त्या मी आत जाताच दळणाच्या भावाविषयी बोलू लागल्या. एका बाईंनी मोठ्या आपुलकीने सांगितले, "मूल लहान आहे तुझं. घाटाचा रस्ता. काय गरज आहे?" चौथ्या दिवशी ती गोष्ट यांच्या शाळेत पोचली होती, आणि तेथून घरी येईपर्यंत जीपमधले आम्ही दोघेच होतो, पाऊस नव्हता, आणि दहाचे साडेअकरा झाले होते.

घरात काय झाले ते ऐका. हे म्हणाले, "लोकांचं मनावर घेऊ नको." सासूबाईंनी मला एक शब्द विचारला नाही. पण श्रावणातल्या शुक्रवारी हळदीकुंकवाला बायका जमल्या, त्यांपैकी कोणीतरी विषय काढला, तेव्हा दुधाचे भांडे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माझी सून घाटात रात्रभर भिजत बसली असती, तर तुमच्यातली कोण औषध घेऊन येणार होती? नाव सांगा, म्हणजे पुढच्या वेळी तिला तिथंच बसायला सांगते." नऊवारीतली, चौथी शिकलेली बाई! मी स्वयंपाकघरात उभी होते, माझ्या हातातला लाडू तसाच राहिला.

अशी सासू पाठीशी असून मी ती नोकरी दिवाळीत सोडली. सासूबाईंनी सोडायला लावली नाही, यांनी नाही. सहकाऱ्यांच्या पत्नी मला मंडईत दिसल्या, की रस्ता बदलीत. त्या भल्या बाईचे काही चुकत होते असेही नाही, तिलाही कोणी काहीबाही ऐकवले असणार. मला ते सोसेना. पुढे येथेच प्राथमिक शाळेत मी लागले आणि तीस वर्षे नोकरी केली. मुलांनी माझ्यावर प्रेम केले, मला कोणी कमी लेखले नाही. पण प्रयोगशाळेची किल्ली मला परत मिळाली नाही. अजून पाचगणीला जाण्याचा प्रसंग आला, की त्या वळणावर मी खिडकीची काच लावून घेते. ज्या मांडवातून "निळा सदरा" हे शब्द दहा मिनिटांत फिरून आले, त्याच आळ्यांतून ती जीपही फिरली होती. माणसेही तीच होती. मला तर काही नावेही सांगता येतील, पण त्यांतल्या दोघी आज हयात नाहीत आणि एकीने माझ्या मुलीच्या बाळंतपणात चाळीस दिवस डिंकाचे लाडू पुरवले. तेव्हा मी नावे कशी घ्यावी?

आपले मंडळ १९७५ साली निघाले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते हे आम्हांला वर्ष संपता संपता समजले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अकराजणी जमलो, कोणीतरी म्हणाले दर महिन्याला भिशी करू, ती केली. मग उन्हाळ्यात कुरडया-पापड, मग वाचनाची पेटी, मग वसंत व्याख्यानमालेला एका रांगेत जाऊन बसणे. व्याख्यानाला बायकांनी पुढच्या रांगेत बसावे की मागच्या, यावर आमचा सबंध एक वैशाख गेला! चिटणीसबाईंच्या अहवालात हे सारे छापून येईलच. जे छापून येणार नाही ते एक सांगते.

१९८८ च्या सुमारास आपल्यापैकी एकीच्या शेजारी एक जोडपे भाड्याने राहायला आले. तो बायकोला मारी. भिंत सामाईक होती. आळीतल्या सहा घरांना ते ऐकू येई. ज्या गावाला माझी जोडवी सैल झालेली कळतात, त्या गावाला हे चार महिने "कळले" नाही. नवराबायकोचा मामला, असे सारे म्हणाले. मीही म्हटले. मग एक दिवस आपल्या तेव्हाच्या अध्यक्षबाई, त्या मोठ्या हिकमती होत्या, सूप आणि दोन शेर गहू घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "आमच्याकडे ऊन येत नाही हो," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी गेल्या. तो सायंकाळी कामावरून येई, तेव्हा ओट्यावर चार बायका घेवडा सोलीत बसलेल्या असत आणि दिवेलागण झाली तरी उठत नसत. कोणी त्याला काही बोलले नाही. महिनाभर हे चालले. मार थांबला. कायमचा थांबला असे मी म्हणणार नाही. पुढे त्यांची बदली झाली, आणि नंतरचे मला ठाऊक नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या आधी आपल्याजवळ सूप होते. पण ते चार महिने उशिरा बाहेर निघाले, हेही मी सुनेला सांगितले.

तिसरी गोष्ट यांच्या आजाराची. २०११ च्या डिसेंबरात पहाटे दोन वाजता यांच्या छातीत कळ आली. मी दार उघडून ओट्यावर आले, आणि हाक मारायच्या आधीच समोरचा मुलगा अंगावर शाल घेऊन धावत आला. आमचा दिवा अवेळी लागलेला त्याच्या आईने पाहिला होता. जीपसाठी ज्यांनी दिवे लावले, त्यांपैकीच एक खिडकी ती! त्याने आपली गाडी काढली आणि साताऱ्याला नेले. पस्तीस किलोमीटर. तेथल्या डॉक्टरांनी प्राण वाचवले, पण म्हणाले, की तासभर आधी उपचार मिळते तर हृदयाला इजा कमी झाली असती. एकवीस दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. डबा कोणाचा हे पाहण्यासाठी झाकणावरचे नाव वाचावे लागे. हे आणखी पाच वर्षे जगले, पण माडी चढू शकले नाहीत. शेजार हाकेच्या आत होता, आणि हृदयाचा डॉक्टर पस्तीस किलोमीटरवर होता. सुनेला मी दोन्ही अंतरे सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, बाई जुनेच उगाळीत बसल्या, आजची वाई निराळी आहे. आहे खरी. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारींमुळे रस्ता ओलांडायला मला नातीचा हात धरावा लागतो. वाडे पडताहेत, त्यांच्या जागी सदनिका उठताहेत. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याकडे गेले, तर "स्वदेस" सिनेमात दिसलेला घाट तो हाच का, असे पाहुणे विचारतात. नानांचे कोणी विचारीत नाही. तो २००४ सालचा सिनेमा मला आवडला होता, हे खासगीत सांगते. परदेशी शिकलेला मुलगा गावात परत येतो, असे त्यात आहे. तो परत आल्यावर दुपारी घरी त्याच्या मुलांना कोण जेवू घालते, ते मात्र सिनेमात दाखवलेले नाही!

आणि येथेच माझे घोडे चौथ्या दिवशी अडले. सून आणि मुलगा म्हणत होती, गाव किती सोयीचे आहे! शाळा पाच मिनिटांवर, दवाखाना सातावर, वाचनालय, नदी, मोकळी हवा, घरभाडे नाही, मुले दुपारी घरी येऊन गरम पोळी खातात. मी हिशेब मांडला. ती गरम पोळी मी करीत होते. दुपारी दोन ते सहा मुले मी बघत होते. नातू तापला तर सुनेची सभा न मोडता त्याच्या कपाळावर पट्ट्या मी ठेवीत होते. या सोयीचे वय तेव्हा एकाहत्तर होते आणि तिचे गुडघे दुखत होते. माझी सासू माझ्यासाठी हेच करीत होती, आणि तेव्हा मीसुद्धा त्याला "वाईची सोय" म्हणत होते. सासूबाई गेल्या त्या वर्षी मला समजले, की सोय गावाची नव्हती, त्यांची होती.

पाचव्या दिवशी मी सुनेला हे सगळे सांगितले, आणि शेवटी म्हटले, "राहायचं तर राहा. मला आनंदच आहे. पण माझ्या जिवावर राहू नका. दुपारी बाई ठेवा, तिला चांगला पगार द्या. तुझा नवरा आठवड्यातून तीन दिवस येथून काम करील, त्या दिवशी स्वयंपाकघर त्याचं. माडीवरच्या खोलीला आतून कडी लावून घे. तू आत असताना ती कोणी वाजवायची नाही, मीसुद्धा नाही. आणि तुला कामासाठी पुण्याला जावं लागलं, उशीर झाला, तर या घरात कोणी विचारणार नाही."

ती म्हणाली, "घरात नाही विचारणार. गाव विचारेल."

मी मोठ्या ऐटीत म्हटले, "गावाला मी सांगेन काय सांगायचं ते."

ती राहिली. मुले येथल्या शाळेत आहेत. नात आता अकरा वर्षांची आहे आणि व्याख्यानमालेला माझ्या शेजारी बसून पेंगते. मुलाला पिठले उत्तम येते, पोळ्या अजून देशोदेशीच्या नकाशांसारख्या होतात. सून आठवड्यातून दोन दिवस पुण्याला जाते. सुरूर फाट्याला उतरून कधी एस्. टी., कधी कोणाची मोटार, असे करीत येते.

गेल्या जुलैतली गोष्ट. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. साडेअकराला एक पांढरी मोटार वाड्यापुढे थांबली. सून उतरली, आत वाकून कोणाला तरी "थँक्यू" म्हणाली. मी ओट्यावर कंदील घेऊन उभी होते. मोटारीत पुढे एक पुरुष दिसला. भगिनींनो, पंचेचाळीस वर्षे मी ज्या तीन खिडक्यांवर राग धरला होता, त्यांच्यादेखत माझ्याच तोंडून शब्द निघून गेले: "कोण सोडायला आलं होतं ग?"

ती थबकली. माझी गोष्ट तिला ठाऊक होतीच. ती म्हणाली, "ऑफिसातला आहे, आई. पाऊस होता."

मी कंदील घेऊन आत गेले आणि तिचा भात गरम केला. ती जेवली. दुसरे काही बोलणे झाले नाही. सकाळी दूध घेताना समोरच्या माडीवरून विचारणा झाली, "काल रात्री गाडी कुणाची हो?" मी म्हटले, "माझ्या सुनेची." पण ते उत्तर मला रात्री सुचायला हवे होते.

आता चिटणीसबाई घड्याळ दाखवू लागल्या, म्हणून एक कामाचे बोलते आणि बसते. मंडळाचे हे सभागृह दुपारी बारा ते सहा कुलपात असते. आपल्या आळ्यांत नोकरी करणाऱ्या सुना आता पुष्कळ आहेत, पुण्याहून परत आलेली चार बिऱ्हाडे तर मलाच ठाऊक आहेत, आणि प्रत्येक घरात सोयीला सासू आहेच असे नाही. असली तरी तिचे गुडघे आहेत. येथे दुपारचे पाळणाघर चालवावे, दोन बायका पगारावर नेमाव्यात, आणि मंडळाच्या शिल्लक रकमेतून पहिल्या वर्षाचा खर्च करावा, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. सुवर्णमहोत्सवाच्या कमानीसाठी जो पैसा बाजूला ठेवला आहे तो यात घालावा, असे माझे मत; काहीजणींना ते रुचणार नाही हे मला माहीत आहे, आणि पुढच्या बुधवारच्या सभेत त्या ते बोलतीलच. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांची मुले ठेवायची आहेत त्यांनी डाव्या पानावर नाव लिहावे. ज्यांना आठवड्यातून एक दुपार देता येईल त्यांनी उजव्या पानावर. उजव्या पानावर पहिले नाव माझे आहे, सोमवारपुढे. सोमवारी सून घरी असते.